बेचाळीस तास

सोमवारी पेटी येते.
मकरपुऱ्याच्या उन्हात घाम पुसत
कुरिअरवाला सही मागतो,
त्याला वाटतं, इंजेक्शनं असतील.
आत जेलीत रोवलेली बारा वर्तुळं,
शर्टाच्या बटणाएवढी.
माणसाची कातडी,
माणूस सोडून.

मंगळवारी दुपारी चारला तिच्यावर नमुना ठेवते.
नंदेसरीकडचा कुठलासा माल,
नाव नाही, नंबर आहे,
काकवीसारखा दाट, रंग मात्र नको तसा.
पंधरा मिनिटं. मग धुणं,
बारीक धारेनं, पंचवीस वेळा.
नव्या मुलींना सांगते, बाळाची टाळू धुवावी तसं.
त्या एकमेकींकडे बघतात.
बरं, मोगऱ्याच्या कळ्या धुता तसं, म्हणते,
आणि मोजायला लावते मोठ्यानं.

मग बेचाळीस तास उबेत, सदतीस अंशांवर.
मधे बुधवार आख्खा येतो.
बुधवारी माझ्या हाताला काम नसतं.

मी तळमजल्यावर जाते.
पूर्वी जिथे ससे होते
तिथे आता रिकामे खोके, बंद पडलेला कूलर,
आणि काचसामान धुणारे भावसिंगभाई राठवा.
अकरा वर्षं त्यांनी ससे धरले.
धरणं म्हणजे काय, ते एकदा
नॅपकिनची गुंडाळी घेऊन दाखवलं होतं त्यांनी:
मान अशी, पाठ काखेत अशी,
उजव्या डोळ्याची खालची पापणी ओढून
तिची वाटी करायची, वाटीत थेंब,
मग पापण्या मिटून धरायच्या.
एक सेकंद.
डावा डोळा तसाच ठेवायचा, तुलनेसाठी.
"ए डावी आंख, बेन," ते म्हणाले,
"आखो वखत मारी सामे."

जुनी रजिस्टरं अजून कपाटात आहेत.
तास एक, चोवीस, अठ्ठेचाळीस, बहात्तर.
लाली शून्य ते तीन. सूज शून्य ते चार.
नावाला रकाना नव्हता.
तरी भावसिंगभाईंनी नावं ठेवलेली,
आपल्या मुलखातल्या नद्यांची:
ओरसंग, हेरण, सुखी.
साहेब फेरीला आले की
नद्यांचे पुन्हा नंबर व्हायचे.

गुरुवारी ते वर आले, न बोलावता.
चपला दाराबाहेर.
मी पिवळं द्रावण घातलं होतं सकाळीच.
पेशी जिवंत असतील तिथे
ते तीन तासांत जांभळं होतं.
आमची सगळी विद्या एवढीच:
जिवंत ते जांभळं.
निम्म्याच्या खाली उतरलं
तर बाटलीवर इशारा छापायचा.

नुसत्या पाण्याची तीन वर्तुळं
पिकल्या जांभळासारखी झाली होती.
नंदेसरीची तीन फिकी,
कडेला जरा धुरकट.
यंत्र नंतर एकतीस टक्के सांगणार होतं,
पण हे डोळ्यांनाही दिसत होतं.

"आ कोनी चामडी, बेन?"

मी कागद पाहिला.
दाता: प्रौढ. संमती: आहे.
ऑपरेशनमधून उरलेली.
कुणीतरी आहे, म्हटलं. नाव देत नाहीत.
"आपे नहीं," ते म्हणाले,
विचारलं की सांगितलं, कळलं नाही.
मग मराठीत, माझ्यासाठी:
"दुखत नाही ना तिला?"

नाही, नसा नसतात तिच्यात.
हे वाक्य मला पाठ आहे.
पाहुण्यांना सांगते, ऑडिटरला सांगते,
सासरच्यांना जेवताना सांगितलंय.
त्या दिवशी ते यायला वेळ लागला.

नंदेसरीत हा माल कुणीतरी ढवळत असेल, मला वाटलं,
आणि त्याच्या हातमोज्यांना भोकं असतील.
हे मी बोलले नाही.
भावसिंगभाईंचा मेहुणा तिकडेच आहे, पाळीवर,
ते त्यांना माझ्याहून जास्त माहीत.

जाताना त्यांनी ताटाच्या झाकणावर
दोन बोटं ठेवली, हलकीच,
मिटून धरल्यासारखी.
एक सेकंद.
जरा जास्तच.